आम्लारिधर्मी समीकरणे घाईत उरकू नका

महोदय,

अकरावीच्या रेडॉक्स (इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीच्या) प्रकरणात आम्लारिधर्मी, म्हणजे अल्कलीयुक्त, माध्यमातली समीकरणे शेवटी, घाईघाईत शिकवली जातात. सीईटीच्या तयारीत तर ‘जिकडे ऑक्सिजन जास्त तिकडे तेवढे पाणी, पलीकडे दुप्पट हायड्रॉक्साइड’ एवढेच घोकून घेतात. परमँगनेटला (MnO₄⁻) ते लागू पडते. क्रोमियम हायड्रॉक्साइडपासून (Cr(OH)₃) क्रोमेट (CrO₄²⁻) बनवताना कोलमडते. त्या संयुगात मुळातच हायड्रोजन आहे आणि तो या युक्तीच्या हिशेबातच येत नाही.

त्यापेक्षा अर्ध-अभिक्रिया (इलेक्ट्रॉन घेण्याचा किंवा देण्याचा एकेक भाग) आधी आम्लात आहे असे समजून सोडवावी. परमँगनेटपासून मँगनीज डायऑक्साइड होताना उजवीकडे २ पाणी, डावीकडे ४ हायड्रोजन आयन. डावा प्रभार +३, उजवा शून्य, म्हणून डावीकडे ३ इलेक्ट्रॉन. मग दोन्ही बाजूंना ४ हायड्रॉक्साइड (OH⁻) मिळवायचे. इथेच मुले एका बाजूला विसरतात. डावीकडे हायड्रोजन आयनांशी मिळून ४ पाणी तयार होते, त्यातले २ उजवीकडच्या २ पाण्याशी कटतात. उरते: १ परमँगनेट + २ पाणी + ३ इलेक्ट्रॉन → १ मँगनीज डायऑक्साइड + ४ हायड्रॉक्साइड. प्रभार दोन्हीकडे −४.

क्रोमियमचेही तसेच: १ क्रोमियम हायड्रॉक्साइड + ५ हायड्रॉक्साइड → १ क्रोमेट + ४ पाणी + ३ इलेक्ट्रॉन. प्रभार −५, −५. दोन्ही अर्ध-अभिक्रियांची बेरीज करून सामाईक पदे काढली की डावीकडे १ हायड्रॉक्साइड, उजवीकडे २ पाणी राहते. अणू जुळले म्हणून थांबू नये. चूक पकडतो तो प्रभारच.

खानदेशात विहिरीत टाकलेल्या परमँगनेटचा जांभळा रंग जाऊन तपकिरी गाळ बसतो, तो हाच मँगनीज डायऑक्साइड. ३ इलेक्ट्रॉनांचा हिशेब विहिरीतच दिसतो, मग तो फळ्यावर परका का वाटावा?

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी उत्पादित पदार्थ प्रश्नातच छापावा. तीव्र कॉस्टिक सोड्यात परमँगनेट एकच इलेक्ट्रॉन घेऊन हिरवे मँगनेट बनते, त्यामुळे नुसते ‘आम्लारिधर्मी माध्यम’ लिहून भागत नाही. आणि प्रयोगशाळेत ही तुलना एकदा तरी दाखवावी: सोडियम सल्फाइटचे द्रावण तीन परीक्षानळ्यांत घ्या, एकीत विरल सल्फ्युरिक आम्ल, एकीत नुसते पाणी, एकीत तीव्र कॉस्टिक सोडा. विरल परमँगनेटचे मोजके थेंब टाकले की पहिली रंगहीन, दुसरी तपकिरी, तिसरी हिरवी. थेंब जास्त पडले तर जांभळा रंगच उरतो, म्हणून पहिल्या दोन नळ्यांत सल्फाइट भरपूर हवे; तिसरीत मात्र ते बेताचेच, नाहीतर हिरवा रंग टिकत नाही.

— रसायनशास्त्राचे शिक्षक, चोपडा (जि. जळगाव)