नव्या संकेतस्थळाबद्दल अविनाशला पत्र

सोलापूर

प्रिय अविनाश,

तुमच्या विद्यापीठाच्या नव्या संकेतस्थळाचे समितीकडे आलेले तिन्ही नमुने पाहिले. दिसायला देखणे आहेत, पण तिन्हींत पहिला पडदा कुलगुरूंचा फोटो, इमारत आणि सरकत्या बातम्यांनीच भरलाय. तुम्हाला इकडची, सोलापूर-धाराशिवकडची पोरं हवीत ना? मग मोहोळची बारावी झालेली मुलगी आणि तिचे वडील डोळ्यांसमोर ठेवा. घरात मोबाईल एकच, तोही वडिलांचा. प्रवेश मिळेल का, एकूण पैसे किती लागतील, राहायची सोय काय आणि कागद कोणते, एवढं त्यांना आधी कळायला हवं. नॅकच्या मूल्यांकनातली श्रेणी नंतर.

पहिल्या पानावर भांडत बसू नका. गुगलवरून येणारा बहुतेकदा थेट अभ्यासक्रमाच्या पानावर उतरतो. खरा वेळ तिथे घालायचा. एका अभ्यासक्रमाला एकच पान आणि त्याचा पत्ता कायमचा. पत्त्यात वर्ष घातलंत तर पुढच्या जूनमध्ये शोधात जुनंच पान वर येईल आणि लोक जुनी फी धरून बसतील. पानावर पात्रता, प्रवर्गनिहाय जागा आणि गेल्या वर्षी प्रवेश किती गुणांवर थांबला ते द्या. सीईटी लागत असेल तर चॉईस कोडही, म्हणजे पसंतीक्रमात भरायचा संस्था-अभ्यासक्रमाचा क्रमांकही, ठळक हवा. सारख्या नावांच्या संस्थांत पसंतीक्रम भरताना घोळ होतो तो तिथेच.

फीचा एकच आकडा देऊन भागत नाही. शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, परत मिळणारी अनामत, वसतिगृह, मेस हे सगळं वेगळं दाखवा आणि खाली 'प्रवेशाच्या दिवशी भरायची रक्कम' प्रवर्गानुसार लिहा. बाप तेवढीच ओळ शोधत असतो. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) हवा. तुमच्या कुठल्या अभ्यासक्रमाला ही सवलत लागू आहे ते त्या-त्या पानावर सांगा; शासन निर्णयाची पीडीएफ चिकटवून मोकळे होऊ नका. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज वेगळा भरावा लागतो, हेही तिथेच. आणि जातवैधतेला वेळ लागतो, त्यामुळे कागदांची यादी मार्चमध्येच वर गेली पाहिजे. निकालानंतर टाकलेल्या यादीचा काय उपयोग!

स्कॅन केलेल्या माहितीपुस्तिकेचं खूळ मात्र बंद करा. ती मोबाईलवर उघडायला जड, आतला मजकूर शोधात सापडत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला तर ते नुसतं चित्र. जुना मजकूर श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये बदलून घ्या, पण बदलल्यावर माणसाकडून वाचून घ्या; रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. डिझायनरला सांग, मराठी अक्षरांत अंतर वाढवायचं नाही, शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवायचं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. पानाचं शीर्षक मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असू दे, कारण पोरं शोधताना रोमन लिपीतच टाइप करतात.

परीक्षेचे निकाल त्याच सर्व्हरवर ठेवू नका. निकालाच्या दिवशी आतली मुलं एकदम तुटून पडतात, साइट बसते, आणि प्रवेशाचं पान बघायला आलेला बाहेरचा मुलगा परत फिरतो. दोन्ही हंगाम साधारण एकाच सुमारास येतात. निकाल वेगळ्या सबडोमेनवर, वेगळ्या यंत्रावर हवेत. प्रवेशाची पानं डेटाबेसला हात न लावता उघडतील अशी, स्थिर. शक्य असेल तिथे फोटो वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात.

जुने पत्ते बंद करण्याआधी सगळ्यांची यादी काढा आणि प्रत्येक जुना पत्ता त्याच विषयाच्या नव्या पानाकडे 301 ने, म्हणजे 'पान कायमचं हलवलंय' या संकेताने, वळवा. सगळेच मुखपृष्ठावर वळवले की गुगल त्यांना हरवलेलं पान समजतं. आळसात हेच होतं.

साइट जूनमध्ये उघडायचा मोह टाळा. इकडे सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उठते त्या सुमारास, जानेवारीअखेर उघडलीत तर चुका दुरुस्त करायला उन्हाळ्यापर्यंत अवधी मिळेल.

कच्चं रूप तयार झालं की दुवा पाठव. इथल्या पाचेक बारावीच्या मुलांच्या हातात देतो, त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच डेटावर. 'वसतिगृहासकट पहिल्या वर्षाचा खर्च शोध' एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. कोण कुठे अडकला ते टिपून तुला कळवतो. तेव्हा समितीतल्या कुणाला तरी इकडे धाड, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी बघतील.

तुझा,
मिलिंद