डोहाळजेवणाआधी थोडंसं

ती. आई-बाबांना सा. न.

पोट वाढतंय त्याचं मला काही वाटत नाही. उलट लोकलमध्ये कुणी उठून जागा दिली की जरा मिरवूनच बसते. अवघड जातं ते बाकीचं. गालांवर वांग आलेत, मान काळवंडलीय, बेंबीखाली काळी रेघ उमटलीय. डॉक्टर म्हणतात, हे हार्मोन्समुळे होतं, बाळंतपणानंतर बहुतेक फिकट होईल. पटतं. तरी ऑफिसच्या कॉलला कॅमेरा बंदच असतो.

बाबा, तुम्ही दर फोनला आधी वजन विचारता. जन्म बँकेत गेलेल्या माणसाला हिशोबच द्यावा. मध्यम बांध्याच्या बाईचं वजन नऊ महिन्यांत साधारण ११.५ ते १६ किलो वाढणं योग्य मानतात. त्यात बाळ तीनेक किलोचं, वार (प्लॅसेंटा) अर्ध्या किलोहून थोडी जास्त, गर्भजल किलोच्या आसपास. एरवी ६०-७० ग्रॅमचं गर्भाशय किलोभर होतं, रक्तही लिटरभराहून जास्त वाढतं. चरबी साठते ती पुढे अंगावर पाजायला लागते म्हणून. वजन विचारा, फक्त फोनची सुरुवात त्याने नको.

आई, माझ्या बारशाच्या अल्बममध्ये तू जवळजवळ नाहीसच. आत्याच्या कडेवर मी, आजीच्या मांडीवर मी. विचारलं की म्हणतेस, फोटो मीच काढत होते. पण आपल्याकडे तेव्हा कॅमेरा होता कुठे? तो मामाचा, आणि मामा कुणाला हात लावू देत नसे! त्या दिवसांत तुला स्वतःकडे बघून काय वाटायचं, हे आपण कधी बोललोच नाही. मी आले की सांगशील?

डोहाळजेवण कर हौसेने. फुलांचे दागिने घालीन, झोपाळ्यावर बसेन. पण बर्फी-पेढ्याचा खेळ नको. चेहरा उतरला म्हणजे मुलगी, तेज आलं म्हणजे मुलगा, असं माझ्या तोंडाकडे बघत चारचौघीत चाललं की मला तिथून उठावंसं वाटतं. काकूला तूच सांग, माझं ती ऐकायची नाही.

आता नंतरचं. बाळ झालं की पोट लगेच आत जात नाही. गर्भाशयालाच पूर्ववत व्हायला सहाएक आठवडे लागतात, आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केसही गळतात. तेव्हा ‘अजून पोट दिसतंय’ म्हणणाऱ्यांना खोलीबाहेरूनच चहा देऊन वाटेला लावा. पहिले दहा-पंधरा दिवस मी रडले, चिडले तर फार मनावर घेऊ नका, बऱ्याच जणींचं होतं तसं. पण ते पुढेही चालू राहिलं, बाळाला घ्यावंसंच वाटेना, तर दृष्ट काढत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि मरणाबिरणाचं बोलले तर दिवस मोजू नका, त्याच दिवशी न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फ्रिजवर लिहून ठेवा. फुकट आहे, रात्रीही लागतो.

अळिवाचे लाडू कर. पोट बांधण्याचं मात्र डॉक्टरांना विचारून ठरवू. बाबा, तिकीट खालच्या बर्थचं बघा.

तुमची,
ताई