लॅमिंग्टन रोडवरील एका कारागिरास अनावृत आभारपत्र

सप्रेम नमस्कार,

माझ्या आईच्या सीडी प्लेअरची लेन्स गेली असून ती बदलावी लागेल, असे आम्हाला अन्यत्र सांगण्यात आले होते. आपण मात्र स्क्रू ड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी त्यात बाजारातली छापील सीडी वाजवून पाहिलीत आणि, लेझर मंदावले की घरी बर्न केलेली डिस्कच आधी अडते म्हणून, तशीही एक घालून पाहिलीत. दोन्ही स्वच्छ वाजल्यावर आपण म्हणालात, ‘‘यंत्र ठणठणीत आहे, तुमची डिस्क दाखवा.’’

त्या डिस्कवर आईच्या गुरूंच्या तालमींचे, कॅसेटवरून उतरवलेले ध्वनिमुद्रण एमपीथ्री, म्हणजे आवाज आकसून साठवणाऱ्या, फायलींच्या स्वरूपात होते. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली निश्चित केलेल्या मानकानुसार ऑडिओ सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटचे, दोन चॅनेलमध्ये सलग लिहिलेले असतात. जुन्या प्लेअरला तेवढेच वाचता येते आणि एमपीथ्री उलगडण्याची सोय त्यात नसते, हे आपण गिऱ्हाइकांची गर्दी असतानाही न कंटाळता समजावलेत. डिस्कवर ७०० एमबी छापलेले असले तरी ऑडिओ सीडीसाठी मोजायची ती ८० मिनिटे, हेही तेव्हाच कळले. सगळ्या तालमी एकाच डिस्कवर मावतील ही आमची आशा तिथेच मावळली.

या फायलींची ऑडिओ सीडी केल्याने दर्जा वाढणार नाही, एमपीथ्री करताना जे गळाले ते वेव्ह (न आकसलेली) फाइल केल्याने परत येत नाही, हेही आपण आडपडदा न ठेवता सांगितलेत. कॅसेटची खरखर काढून देण्याची विनंती मी केली, तेव्हा सलग चालणारा आवाज सॉफ्टवेअरला खरखरच वाटतो आणि तिच्याबरोबर तंबोराही पातळ होतो, असे सांगून आपण एक तुकडा तसा करून ऐकवलात. गुरूंचा गळा एकदम पोरका वाटला. खरखर राहू द्या, असे आईनेच सांगितले.

मला सर्वाधिक मोल वाटते ते पुढच्या गोष्टीचे. आलाप आणि बंदिश वेगवेगळ्या फायलींत असल्याने मध्ये दोन सेकंदांची शांतता पडली असती. बर्निंगची बहुतेक सॉफ्टवेअर ती आपसूकच घालतात. आम्ही न सांगताही आपण ती शून्यावर आणलीत, संपूर्ण डिस्क एका दमात लिहिलीत आणि फायनलाइझ केलीत, म्हणजे साध्या प्लेअरला वाचता यावी अशी बंद केलीत. समेवर येणारा सूर तुटू नये, हे ज्याला उमगते त्याला नुसते तंत्रज्ञ म्हणणे मला अपुरे वाटते.

आपण केवळ कोऱ्या डिस्कचे पैसे घेतलेत. आईच्या गुरुभगिनींकडेही अशाच फायली पडून आहेत; त्या आपल्याकडे येतील, तेव्हा कृपया मेहनतीचा योग्य मोबदला घ्यावा.

आपला ऋणी,
गिरगावातील एक ग्राहक