लॉगबुकातली १७ जुलैची नोंद

नेरूळ, ३० ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेलच. पण फोनवर कॉम्प्युटरचा विषय निघाला की तुमचा आणि माझा, दोघांचाही आवाज चढतो, बाबा. मग आई मधेच "आज भाजी काय केलीस?" असं विचारून विषय मोडते. त्यापेक्षा हे बरं. शिवाय कागदावरचं तुम्ही जपून ठेवता. वाचून झालं की लॉगबुकात डकवा.

लॉगबुक मी पाहिलं. भाऊबीजेला आले होते तेव्हा सेलोटेप शोधताना टेबलाच्या खालच्या खणात सापडलं. वागळे इस्टेटच्या कारखान्यात मशीनचं ठेवायचात तसंच, तारीख, तक्रार, उपाय, सही. कॉम्प्युटरलाही तुम्ही सही देता हे मला माहीत नव्हतं! हसत हसत पानं उलटत होते आणि २०१६ च्या पानावर थांबले. "१७ जुलै, रविवार. ताईने अपग्रेड केले. डीव्हीडी बंद. उपाय: ताई बघते म्हणाली." सहीची जागा कोरी. खाली लाल पेनाने, "यापुढे अपडेट नाही."

त्या पानातच आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाची डिस्क ठेवलेली होती.

इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्ही हट्टी आहात. अपडेटला पस्तीस दिवसांचा पॉझ लावणं, तो संपत आला की कॅलेंडरवर लाल गोल करणं, आणि मग नेटची वायरच काढून ठेवणं. मन्या आणि मी यावर मनसोक्त विनोद केले आहेत. माफ करा. "बघते" म्हणून गेले ती नऊ वर्षांनी बघतेय.

तर झालं काय होतं ते आधी सांगते. तेव्हा विंडोज सेव्हनवरून टेनवर फुकट जायची मुदत २९ जुलैला संपणार होती. मी घाईघाईत "हो, हो, पुढे" करत गेले, एक ओळ वाचली नाही. आपल्या सेव्हनच्या होम प्रीमियम आवृत्तीत मीडिया सेंटर होतं, त्यात डीव्हीडी चालायची. टेनमध्ये ते काढून टाकलेलं होतं. डीव्हीडीवरचं चित्र उलगडायला जो डीकोडर लागतो त्याचे परवान्याचे पैसे दर कॉपीमागे भरावे लागायचे, आणि लोक डिस्क लावेनासे झाले होते. म्हणून विंडोज एटपासूनच डीव्हीडीची सोय मूळ सामानातून गेली. डिस्कला काही झालं नव्हतं, ड्राइव्हलाही नाही. तुम्ही ड्राइव्ह उघडून लेन्स पुसली होती, त्याचीही नोंद आहे. लेन्सचा बिचारीचा काही संबंध नव्हता.

आता पुढचं वाचून रागावू नका. आपल्यासारखे जे मीडिया सेंटरवाल्या आवृत्तीवरून टेनवर गेले, त्यांना काही काळ एक वेगळा डीव्हीडी प्लेअर फुकट मिळत होता. पण तो अपग्रेडबरोबर लगेच येत नसे, त्यानंतरचं पहिलं अपडेट नीट पार पडलं की यायचा. म्हणजे औषध पुढच्याच गाडीने निघालं होतं आणि आपण स्टेशनच बंद केलं. तुम्ही बंद केलंत असं म्हणत नाही. मी तेव्हा अर्धा तास बसून वाचलं असतं तर तुम्हाला लाल पेन हातात घ्यावं लागलं नसतं.

आता तुमचा मुद्दा. "चालतं मशीन उघडू नये." तो खोटा नाही. गेल्या वर्षी १९ जुलैला सुरक्षेच्याच एका सॉफ्टवेअरचं चुकीचं अपडेट जगभर गेलं, कॉम्प्युटर निळे पडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. तुम्ही मला पेपरातला तो फोटो पाठवला होतात, खाली काही न लिहिता. कळलं मला तेव्हाच.

पण बाबा, लोकलच्या दर रविवारच्या मेगाब्लॉकला शिव्या न देणारे तुम्ही एकटेच. आई कुर्ला गाडीसाठी ताटकळते, मी वाशीला अडकते, आणि तुम्ही म्हणता, "रूळ तपासायला वेळ नको का त्यांना? सोमवारी गाडी घसरली तर?" अपडेट हा मेगाब्लॉक आहे. कधीकधी ब्लॉक संपल्यावर सिग्नल बिघडतो हेही खरं, म्हणून रूळ तपासणं बंद करत नाहीत. १४ मार्च २०१७ ला विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट आलं होतं. दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, फाइली अडकवून पैसे मागणारा वॉनाक्राय नावाचा प्रकार त्याच भोकातून शिरला आणि ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांना रुग्णांच्या ठरलेल्या वेळा रद्द कराव्या लागल्या. ज्यांनी मार्चचं अपडेट घेतलं होतं ते वाचले. तुम्ही याच कॉम्प्युटरवर लाइट बिल भरता आणि बँकेचं खातं बघता. मला तिथली काळजी आहे.

आता तर गंमत अशी झाली आहे की विंडोज टेनची नेहमीची अपडेटं याच महिन्याच्या १४ तारखेपासून थांबली. तुम्ही म्हणाल, सुटलो! नाही हो. भोकं सापडायची थांबत नाहीत, बुजवणारे थांबले. विंडोज इलेव्हन आपल्या मशीनला झेपणार नाही. त्याला टीपीएम टू नावाची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आपला चौथ्या पिढीचा. म्हणून एक वर्षाची वाढीव मुदत घेऊ, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून नाव नोंदवलं आणि सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर पैसेही पडत नाहीत. आणि तुम्हाला ही मुदत आवडेल, कारण यात फक्त सुरक्षेची डागडुजी येते. नवं बटण नाही, जागा बदललेला मेनू नाही. तुम्ही नऊ वर्षं जे मागत होतात तेच. वर्षभराने विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकायचं की नवं मशीन घ्यायचं ते बघू, आत्ता त्यावरून भांडण नको.

राहिला व्हिडिओ. माझं मत आहे व्हीएलसी हा प्लेअर. नारिंगी-पांढरा शंकू असलेला, रस्ता खोदल्यावर ठेवतात तसा. घोडबंदर रोडवर तुम्ही हजारो पाहिले असतील. तुम्ही एकदा विचारलं होतंत, "फुकट आहे म्हणजे आपल्याकडून काय घेतात?" काही नाही. १९९६ मध्ये पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी हे सुरू केलं. त्यांना होस्टेलमध्ये जलद नेटवर्क हवं होतं, खरं तर खेळ खेळायला, आणि त्यासाठी कारण म्हणून व्हिडिओ पुढे केला. २००१ मध्ये त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. आज एक ना-नफा संस्था ते सांभाळते, आत जाहिरात नाही. शंकू कुठून आला? मुलांनी रात्री-अपरात्री रस्त्यावरून उचलून आणून खोलीत जमवले होते म्हणे. आई, डोक्याला हात लावू नकोस.

"सरकारने बंदी घातली होती ना त्याच्यावर?" हा तुमचा पुढचा प्रश्न. २०२२ मध्ये त्यांची वेबसाइट भारतातून उघडत नव्हती हे खरं. संस्थेने कायदेशीर नोटीस पाठवल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरात ती परत उघडली. डाउनलोड मात्र व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग या त्यांच्याच जागेवरून करायचं. गुगलमध्ये जाहिरातीतून वर आलेलं कुठलंही चालणार नाही, त्यात आणखी चार नको ती सॉफ्टवेअरं घुसवलेली असतात.

पण आपल्या दृष्टीने खरं कारण वेगळं आहे. साधा प्लेअर चित्र उलगडायला विंडोजकडे हात पसरतो. विंडोजने डीकोडर काढून घेतला की तो उपाशी. व्हीएलसी आपली शिदोरी आपल्याबरोबर बांधून आणतो. त्यामुळे वर कितीही अपडेटं झाली तरी १७ जुलै परत होत नाही. म्हणजे तुम्हाला अपडेट आणि आजी यातलं एक निवडायचं नाहीये.

मन्या बंगळूरहून पिल्लूचे व्हिडिओ पाठवतो, त्यांचं कोडंही यातच आहे. आवाज येतो, चित्र काळं. फाइलच्या नावापुढे एमपी-फोर किंवा एमकेव्ही असतं तो नुसता डबा. आत भाजी कुठल्या पद्धतीची आहे हे डब्यावरून कळत नाही. २००३ पासूनची एच टू सिक्स्टीफोर पद्धत सगळ्यांना पचते. आयफोन २०१७ पासून एचईव्हीसी नावाची नवी पद्धत वापरतो, फाइल लहान व्हावी म्हणून. टेनला ती आपोआप उघडता येतेच असं नाही. व्हीएलसी उघडेल. पण आपलं मशीन जुनं, मोठे व्हिडिओ अडखळत चालतील, म्हणून मन्याला सांगितलंय की कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली "मोस्ट कम्पॅटिबल" कर. अजून केलं नसेल. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतो.

बाकी प्लेअर आहेत. पॉटप्लेअर चांगला आहे पण बटणांचं जंगल. एमपीसी-एचसी तुम्हाला दिसायला आवडेल, अगदी जुन्या विंडोजसारखा. मूळ मंडळींनी २०१७ मध्ये काम थांबवलं, दुसरे कोणी ते पुढे चालवतायत. तो मी राखीव म्हणून टाकून ठेवीन.

आई, तुझ्यासाठी. भजनी मंडळाची रेकॉर्डिंग ऐकताना तू म्हणतेस, ताना पळतात, शब्द कळत नाहीत. व्हीएलसीत चौकोनी कंसाचं उघडं बटण दाबलंस की गती उतरते, बंद कंसाने चढते. आणि सूर तोच राहतो, पूर्वी टेप संथ फिरवली की आवाज रेड्यासारखा व्हायचा तसं होत नाही. आवाज शंभराच्या वर, सव्वाशेपर्यंत जातो. पण बाबांना ऐकू यावं म्हणून कायम तिथे ठेवू नकोस, खालच्या काकू जिना चढून येतील.

दुसरं तुझंच. मागे पडद्यावर "तुमचा प्लेअर जुना झाला आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा" असं आलं होतं आणि तू नंबर लिहून घेतला होतास. ते अपडेट नव्हे, तो भामटा. खरं अपडेट कधीही फोन नंबर देत नाही. वेबसाइट बघताना मधेच जे उगवतं त्याला हात लावायचा नाही, खिडकी बंद होत नसेल तर सरळ मशीन बंद. चुकून पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला लगेच फोन, मला नंतर.

व्हीएलसी उघडल्यावर तो स्वतः कधीतरी नव्या आवृत्तीचं विचारेल, त्याला हो म्हणा. २०१९ मध्ये युरोपियन युनियनने त्यातल्या चुका शोधणाऱ्यांना बक्षिसं लावली होती आणि एका आवृत्तीत तीसेक डागडुज्या एकदम झाल्या. नुसत्या व्हिडिओ फाइलमधूनही कोणी काही घुसवू शकतं, म्हणून.

मी ९ नोव्हेंबरच्या रविवारी येते. ट्रान्स-हार्बरला ब्लॉक नसेल तर दहापर्यंत, असेल तर देवाच्या भरवशावर. आल्यावर पहिल्यांदा डिस्क. फिरवून पुसू नका, मधून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसायची, मऊ कापडाने. घरी काढलेल्या डिस्कला कुलूप नसतं, व्हिडिओ-टीएस नावाचं फोल्डर उचलून ठेवायचं एवढंच काम. सगळं मिळून पावणेपाच जीबीच्या आत. एक कॉपी कॉम्प्युटरवर, दोन पेनड्राइव्हवर, एक माझ्याकडे. अशा डिस्कवरचा थर वर्षांनी खराब होतो आणि ही २००९ ची आहे, म्हणून मला आता घाई झालीय. नऊ वर्षं नव्हती, हे कळतंय मला.

चित्रात हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतील. जुन्या कॅमेऱ्यात असतात. व्हीएलसीत डी दाबलं की जातात.

मला आठवतंय त्याप्रमाणे आत्याने आजीला एक्याऐंशीव्या वर्षी उखाणा घ्यायला लावला होता, आणि पहिली ओळ झाल्यावर ती दुसरी विसरली, पदर तोंडाला लावून हसत राहिली. आई म्हणते ती विसरली नव्हती, लाजली. मन्या म्हणतो असं काही झालंच नव्हतं. रविवारी कळेल. लॉगबुक आणि निळं पेन काढून ठेवा, १७ जुलैच्या नोंदीपुढे मला सही करायची आहे.

आईने साबुदाण्याची खिचडी करू नये, मला उपास नाही. कोथिंबीर वडी चालेल.

तुमची,
ताई

ता. क. डिसेंबरात त्या शंकूच्या डोक्यावर लाल टोपी दिसेल. नाताळात ते दरवर्षी घालतात. व्हायरस नाही, वायर काढू नका.