ॲपच्या पलीकडे माणूस हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला मुलांच्या मानसिक आरोग्याच्या ॲपवरचा लेख वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे. लेखात ॲपची स्तुती भरपूर आहे. पण ते कोणाच्या जोरावर चालतं, तेवढंच गाळलं आहे.

माझी पुतणी लातूरला 'नीट'ची तयारी करते. क्लासने फीमध्येच 'वेलनेस ॲप'चे पैसे धरले. होस्टेलवर मात्र मोबाइल रेक्टर मॅडमच्या कपाटात असतो. रविवारी दुपारी थोडा वेळ हातात मिळतो, तोही घरी बोलण्यासाठी. टेस्टची रँक लागायची वेळ आली की पोरीच्या पोटात गोळा येतो, जेवण जात नाही, पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. मिळालेल्या वेळात तिने ॲप उघडलं. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहरे आले, तिने रडका दाबला. इंग्रजीत उत्तर आलं, दीर्घ श्वास घ्या. पुढच्या रविवारी पुन्हा रडका, पुन्हा तोच श्वास. लेकरू दर आठवड्याला रडतंय असं सांगतं आणि कोणी साधा फोन करून विचारत नाही? क्लासमध्ये चौकशी केली तर म्हणाले, "ताई, ते कंपनी बघते." मुलींच्या या नोंदी कोण वाचतं, कुठे ठेवतं, याचंही उत्तर नाही.

माझा ॲपवरच्या उपचारांना विरोध नाही. भीती वाटते त्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जाणं, मनात आलेला विचार लिहून तो खरा आहे का ते तपासणं, ही सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराची रीत मोबाइलवरून शिकवता येते आणि चिंता, उदासी यांत मुलांना तिचा फायदा होतो. उदासीवर याच रीतीने बनवलेल्या न्यूझीलंडच्या 'स्पार्क्स' या संगणकावरच्या खेळाची 187 किशोरवयीनांवर चाचणी झाली; 2012 मध्ये निष्कर्ष आले, नेहमीच्या उपचारांपेक्षा तो कमी पडला नाही. पण ही मुलं मदत मागायला दवाखान्यात, शाळेच्या समुपदेशकाकडे आलेली होती. कोणते उपचार वापरावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेने 2023 मध्ये सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या मुलांसाठी डिजिटल सीबीटीची शिफारस केली, तीही मार्गदर्शक सोबत धरूनच. आपल्याकडे 'संगत' संस्थेने शाळकरी मुलांसाठी बनवलेल्या 'पॉड ॲडव्हेंचर्स' या मोबाइलवरच्या खेळातही सोबत समुपदेशक असतो. विचारपूस करणारं कोणी नसेल तर मुलं ॲप अर्ध्यातच सोडतात. लेखकाने हे लिहायला हवं होतं, कारण असे लेख वाचूनच पालक पैसे भरतात.

आता थोडं आपल्या दैनिकाविषयी. कालच्याच अंकात एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येची बातमी आहे, ती कशी केली याच्या तपशिलासह. ते वाचून होस्टेलवरच्या दुसऱ्या मुलांच्या मनात काय येत असेल? खाली टेली-मानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मात्र नाही. 10 ऑक्टोबर 2022 पासून ही सरकारी सेवा सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं आणि पलीकडे माणूस असतो.

होस्टेलवाल्यांनी या क्रमांकासाठी एक फोन मुलांना रात्रंदिवस मोकळा ठेवावा. आपण अशा बातम्यांतून तपशील काढावा आणि हा क्रमांक ठळक टाइपात छापावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक पालक, अहमदपूर