मोत्यांच्या माळा दिसल्या, दवाखाना नाही दिसला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘अल्फा काप्पा अल्फा’ या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी काढलेल्या संघटनेवरचा लेख वाचला. तिच्या सदस्य कमला हॅरिस यांच्या निमित्ताने का होईना, या संघटनेला अर्धे पान मिळाले, याबद्दल आभार. पण त्यात काय, तर गुलाबी-हिरवे पोशाख, मोत्यांच्या माळा आणि नाचाचे फोटो! एथेल हेजमन आणि तिच्या मैत्रिणींनी १५ जानेवारी १९०८ला हॉवर्ड विद्यापीठात ही संघटना काढली, एवढे तरी लिहायचे. पुढे १९१२ साली तिथे शिकणाऱ्या सदस्य मुलींनी संघटनेचे नाव, रंग, सगळेच बदलायचे ठरवले. नेली क्वांडर या माजी विद्यार्थिनीने विरोध केला. शेवटी २२ जणी बाहेर पडल्या आणि जानेवारी १९१३मध्ये ‘डेल्टा सिग्मा थीटा’ ही त्यांची वेगळी संघटना उभी राहिली. मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या स्त्री-मताधिकार मोर्चात या मुली हजर! एवढे रंगलेले भांडण तुमच्या लेखकाने सोडले तरी कसे?

आणि अमेरिकेच्या दक्षिणेतले मिसिसिपी राज्य? १९३५च्या उन्हाळ्यापासून डॉ. डोरोथी फेरेबी आणि त्यांच्या ‘अल्फा काप्पा अल्फा’तल्या सोबतिणी तिकडे जात. मळेवाले मजुरांना दवाखान्यात जाऊ देईनात, तेव्हा या बायकांनी मोटारींतच दवाखाना थाटला आणि मळ्यावर जाऊन पोरांना देवीच्या, घटसर्पाच्या लसी टोचल्या. याला एक ओळही नाही.

माझा राग जुना आहे. सत्तरच्या दशकात आम्ही मुलींनी कॉलेजात मंडळ काढले. मुलांच्या मंडळाला मागितल्याबरोबर खोलीची किल्ली मिळाली. आमच्याकडे रेक्टरबाईंनी वडिलांची संमतिपत्रे मागितली. तरी आम्ही पुस्तकपेढी चालवली. फाटक्या पुस्तकांना रात्री खळ लावून पुठ्ठे चिकटवायचो, खळीच्या वासाला मुंग्या लागायच्या. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आली, तर पुस्तकपेढी ‘प्राचार्यांच्या प्रेरणेने’ आणि आमचा फोटो हळदीकुंकवाचा! फोटोत मी आहे, हातात अत्तरदाणी. कार्यालयाला पत्र लिहिले, त्याची साधी पोचही नाही. तेव्हा मोत्यांचे फोटो पाहून आमच्यासारखीचे डोके फिरले तर नवल नको.

जाता जाता : शब्दकोड्याची उत्तरे त्याच पानावर उलटी छापण्याची सुपीक कल्पना कोणाची? आमच्या घरात कोडे सुटण्याआधीच नातू पान फिरवतो. आणि मागच्या वेळी माझे पत्र निम्मे कापलेत. हे कापायचेच असेल तर शब्दकोड्याचे कापा, मिसिसिपी राहू द्या.

— एक वाचक, सांगली