जहाजाला हवा उचलत नाही, पाणी उचलतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या मुलांच्या पानावर तरंगणाऱ्या वस्तूंवरचा लेख वाचला. चित्रं मस्त, भाषा पण सोपी, पण "जहाजात हवा असते आणि ती हलकी असल्यामुळे जहाजाला वर उचलून धरते" हे वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. हवा काही उचलत वगैरे नाही हो. समजा जहाज सगळीकडून बंद केलं, आतली हवा पंपाने काढून टाकली आणि पत्रा चेपला नाही असं धरून चाललो, तर जहाज बुडणार तर नाहीच, उलट तेवढ्या हवेचं वजन गेलं म्हणून केसभर वरच येईल! उचलतं ते पाणी. हवा फक्त फारसं वजन न वाढवता जागा अडवते, बास.

आता पाणी उचलतं म्हणजे काय, तर जितकं खोल जावं तितका पाण्याचा दाब वाढतो, साधारण 10 मीटर खाली गेलं की वातावरणाच्या दाबाएवढी भर पडते. 10 सेंटीमीटर बाजू असलेला चौकोनी ठोकळा पाण्यात पूर्ण बुडवला तर डावी-उजवीकडचे रेटे एकमेकांना खाऊन टाकतात, पण खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा 10 सेंटीमीटर खोल आहे, त्यामुळे खालून वर येणारा रेटा वरून खाली येणाऱ्यापेक्षा जास्त भरतो, आणि हा फरक मोजला तर तो नेमका 1 लिटर पाण्याच्या वजनाएवढा निघतो. शाळेत ज्याला प्लावक बल म्हणतात ते हेच. ठोकळा कशाचा आहे याच्याशी पाण्याला काही देणंघेणं नाही, लाकडाला 1 किलोचा रेटा आणि लोखंडालाही 1 किलोचाच, फक्त लाकडाचा ठोकळा भरतो 600-700 ग्रॅम म्हणून तो वर येतो आणि लोखंडाचा भरतो पावणेआठ किलोच्या वर, मग तो जातो तळाला.

नेमका बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढाच रेटा का, हे मुलं विचारतातच. तर त्या ठोकळ्याच्या जागी पाण्याचाच ठोकळा आहे असं समजा. तो जागच्या जागी स्थिर आहे, ना वर जातोय ना खाली, म्हणजे भोवतीचं पाणी त्याचं पूर्ण वजन पेलतंय. आता तिथे लोखंड ठेवलं तरी भोवतीच्या पाण्याला त्याचा पत्ताच नाही, ते आधीइतकंच रेटत राहणार. मला तर आकडेमोडीपेक्षा हेच जास्त पटतं.

आणि घरातल्या डिजिटल काट्यावर हे दिसतं सुद्धा. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा, आकडा शून्यावर आणा, दोऱ्याला बांधलेला दगड तळाला न टेकवता पाण्यात सोडा. दगडाचं वजन बऱ्यापैकी आपल्या हातात आहे तरी काट्यावर आकडा चढतो, समजा 60 ग्रॅम दाखवला तर दगडाचं आकारमान 60 मिलीलिटर. पाणी दगडाला वर रेटतं तेवढंच दगड पाण्याला खाली रेटतो, तोच हा आकडा. दगड आणखी खोल सोडला तरी आकडा हलत नाही (दोरा बारीक असेल तर!), म्हणजे जास्त खोल गेल्यावर पाणी जास्त उचलतं हा समजही तिथल्या तिथे निकालात.

लोखंडी जहाजाचं कोडंही इथेच सुटतं. 1 किलो लोखंडाचा भरीव गोळा फक्त 127 मिलीलिटरच्या आसपास पाणी बाजूला सारतो, पण तेच लोखंड ठोकून दीड लिटर मावेल असं पसरट भांडं केलं तर ते 1 लिटर पाणी बाजूला सारेपर्यंतच खाली जातं आणि तिथे थांबतं. खाऱ्या पाण्याची घनता अडीच टक्क्यांच्या आसपास जास्त असते, म्हणून समुद्रातून नदीत शिरलेलं जहाज थोडं खाली बसतं आणि म्हणूनच मालवाहू जहाजांच्या बाजूवर गोड्या आणि खाऱ्या पाण्यासाठी वेगळ्या रेषा रंगवलेल्या असतात. सॅम्युएल प्लिमसोल या ब्रिटिश खासदाराच्या खटपटीमुळे 1876 मध्ये ब्रिटनमध्ये जहाज कुठवर बुडेल इतकाच माल भरायचा हे दाखवणारी रेषा कायद्याने सक्तीची झाली, कारण मालक लोक बेसुमार माल भरायचे आणि बुडायचे बिचारे खलाशी.

आर्किमिडीजच्या टबाची गोष्ट छापलीत ती ठीक, पण ती विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने आर्किमिडीजनंतर जवळपास दोनशे वर्षांनी लिहिलेली आहे आणि टबातून सांडलेलं पाणी फक्त आकारमान सांगतं, वर रेटणाऱ्या बलाबद्दल काहीच सांगत नाही. लेखात दोन्हीची सरमिसळ झालीय.

पुढच्या रविवारी पाणबुडी आहे असं दिलंय, तिथे तरी प्लीज सांभाळा. टाक्यांमध्ये पाणी घेतलं की पाणबुडीचं आकारमान तेवढंच राहून वजन वाढतं आणि ती खाली जाते, वर यायचं असेल तेव्हा दाबून भरलेली हवा टाक्यांत सोडतात, ती पाण्याला बाहेर ढकलते आणि वजन कमी होतं. परत "हवेने पाणबुडीला वर उचललं" असं छापू नका म्हणजे झालं.

आपला,
एक नियमित वाचक